कॉलेज बघायला जाताना

फेब्रुवारीतली प्रेसिडेंट्स डेची सुट्टी जवळ आली की आपल्या मंडळात फोनाफोनी सुरू होते. "तुम्ही कुठली कुठली कॉलेजं करताय?" हा प्रश्न चारधाम यात्रेच्या थाटात विचारला जातो. अकरावीतल्या, म्हणजे इथल्या ज्युनियर इयरच्या मुलामुलींना घेऊन आई-बाबा निघतात. चार दिवसांत सहा कॅम्पस, तीन मोटेलं, डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि परत येताना पोराच्या अंगात नवा स्वेटशर्ट. पुढच्या कार्यक्रमात भेटल्यावर विचारावं, "काय पाहिलंत?" तर उत्तर येतं, "छान आहे हो, लायब्ररी फार मोठी आहे."

लायब्ररी सगळीकडेच मोठी आहे. हिरवळ सगळीकडेच हिरवी आहे. तेवढंच बघायचं असेल तर घरी येणारी गुळगुळीत माहितीपत्रकं पुरेशी आहेत, पेट्रोल जाळायला नको.

ह्यात दोष कोणाचाच नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी कॉलेज "निवडलं" असं म्हणणं धाडसाचंच ठरेल. बारावीचे मार्क आले, प्रवेशपरीक्षेचा क्रमांक लागला, यादीत जिथे नाव आलं तिथे फी भरली. कॉलेजचं फाटक पहिल्यांदा पाहिलं तेच मुळी ॲडमिशनच्या दिवशी. त्यामुळे कॉलेज बघायला जायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे आपल्याला कोणी शिकवलेलंच नाही. मग आपण दोन ओळखीच्या गोष्टींपैकी एक करतो. एक तर यात्रा करतो, म्हणजे दर्शन, फोटो, प्रसाद. नाही तर कांदेपोह्यांचा कार्यक्रम करतो, म्हणजे समोरच्याची उलटतपासणी घ्यायची आणि आपलं पोर कोपऱ्यात मुकाट बसलेलं.

मी रसायनशास्त्राची. पीएच.डी. करताना पाच वर्षं पहिल्या वर्षाच्या मुलांना लॅब शिकवली. टूरचे घोळके आमच्या लॅबच्या काचेसमोरून जायचे तेव्हा मी काचेच्या आतल्या बाजूला असे. गेली दोन वर्षं मंडळातल्या काही कुटुंबांबरोबर काचेच्या बाहेरूनही हिंडते आहे. दोन्ही बाजू पाहिल्यावर जे सुचलं ते आपल्यापुढे मांडते.

मुद्दा एवढाच आहे. आपण शितावरून भाताची परीक्षा करायला निघालेलो असतो, पण शीत पातेल्यातलं असावं, पाहुण्यांसाठी सजवलेल्या ताटातलं नको. आणि परीक्षा ज्याला तो भात चार वर्षं जेवायचा आहे त्याने करावी.

निघण्याआधी

गाडीत बसण्याआधी तीन कामं घरी करायची आहेत. त्यांतलं पहिलं आणि सर्वांत अवघड म्हणजे पैशाचं.

कॉलेजची छापील किंमत आणि आपल्याला पडणारी किंमत ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही खासगी विद्यापीठांचा राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च २०२४ मध्ये ९०,००० डॉलरच्या पुढे गेला. आकडा ऐकून छातीत धस्स होतं. पण हा आकडा सगळेच भरत नाहीत. अमेरिकन काँग्रेसने २००८ मध्ये केलेल्या कायद्यानुसार, सरकारी विद्यार्थी-मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला ऑक्टोबर २०११ पासून आपल्या संकेतस्थळावर "नेट प्राइस कॅल्क्युलेटर" ठेवावा लागतो. गेल्या वर्षीचा टॅक्स रिटर्न हाताशी घ्या, उत्पन्न आणि शिल्लक भरा, अर्ध्या तासाच्या आत आपल्या घरासाठीचा अंदाज मिळतो. हा अंदाजच असतो, वचन नव्हे. पण काहीच माहीत नसण्यापेक्षा कितीतरी बरा.

हा हिशेब कधीकधी आश्चर्याचे धक्के देतो. ज्यांच्या तिजोऱ्या भरलेल्या आहेत अशा विद्यापीठांची मदतही उदार असते. प्रिन्स्टनने २००१ मध्येच आपल्या मदतीतून कर्जं काढून टाकली आणि त्यांच्या जागी परत न करावं लागणारं अनुदान दिलं. बेताच्या उत्पन्नाच्या घराला असं "महागडं" कॉलेज राज्याच्या विद्यापीठापेक्षा स्वस्त पडू शकतं. उलट, दोघंही इंजिनियर असलेल्या घराला तिथे पूर्ण किंमत भरावी लागेल असंही दिसू शकतं. दोन्ही गोष्टी आधी कळलेल्या बऱ्या.

आणि मग तो आकडा मुलांना सांगा. आपल्या घरांत पगार मुलांना सांगायची रीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण सतरा वर्षांच्या मुलीने एखाद्या कॉलेजवर जीव लावायचा, अर्ज करायचा, प्रवेश मिळवायचा, मंडळात पेढे वाटायचे आणि एप्रिलमध्ये बाबांनी म्हणायचं, "एवढे नाही गं जमणार", हे मी एका घरात पाहिलं आहे. त्या घरात नंतर बरेच दिवस जेवणाच्या टेबलावर कोणी बोलत नव्हतं. "वर्षाला आम्ही एवढे देऊ शकतो, त्यावरचं कर्ज आम्हाला नको आहे," हे वाक्य फेब्रुवारीत बोललं तर माहिती असते, एप्रिलमध्ये बोललं तर घाव असतो.

ज्या घरांत अजून ग्रीन कार्डाची वाट पाहणं चालू आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एच-४ वर असलेल्या मुलांना केंद्र सरकारची विद्यार्थी-मदत मिळत नाही. राज्याच्या विद्यापीठात स्थानिक दराची फी लागेल की नाही ह्याचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. वयाची २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो आणि बहुधा एफ-१ घ्यावा लागतो, म्हणजे हे ऐन कॉलेजच्या मध्यात येतं. तेव्हा कॅम्पसवर गेल्यावर फक्त ॲडमिशन ऑफिसला नव्हे, तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसलाही भेटीची वेळ मागा आणि आपली परिस्थिती स्पष्ट सांगून विचारा. ह्यात कमीपणा काही नाही. त्या खुर्चीवरच्या माणसाला हा प्रश्न नवा नसतो.

दुसरं काम वाचनाचं. बरीच कॉलेजं दरवर्षी "कॉमन डेटा सेट" नावाची पत्रकं प्रसिद्ध करतात. रूक्ष प्रकरण आहे, पण सोन्याची खाण आहे. पहिल्या वर्षानंतर किती टक्के मुलं परत आली, सहा वर्षांत किती पदवीधर झाली, वीसपेक्षा कमी मुलांचे वर्ग किती आणि शंभराहून जास्तीचे किती, हे सगळं त्यात सापडतं. त्यातच "सी-७" नावाचा एक तक्ता असतो. प्रवेश देताना ग्रेड, निबंध, शिफारसपत्रं ह्यांना किती वजन दिलं जातं ते त्यात लिहिलेलं असतं. त्यात "अर्जदाराने दाखवलेला रस" अशीही एक ओळ असते. ज्या कॉलेजांत ह्या ओळीला वजन आहे तिथे टूरला जाऊन नाव नोंदवणं उपयोगी पडतं. जिथे नाही, तिथे नुसतं "आम्ही येऊन गेलो" हे दाखवण्यासाठी विमानाचं तिकीट काढू नका.

तिसरं काम तारखेचं. वर्ग चालू असतील असा साधा कामाचा दिवस निवडा. उन्हाळ्यात कॅम्पस सुंदर दिसतं, पण ते लग्न आटोपल्यावरच्या मांडवासारखं असतं. परीक्षांच्या आठवड्यात गेलात तर प्रत्येकजण चिडलेला दिसेल. आपल्या शाळेला सुट्टी आणि त्यांच्या कॉलेजला नाही, असे दिवस कॅलेंडरवर शोधून ठेवा आणि टूरची नोंदणी आधीच करा.

पहिली भेट जवळची

पहिल्याच दौऱ्यात कॅलिफोर्निया गाठायची गरज नाही. आपण न्यू जर्सीकर तर ह्या बाबतीत भाग्यवान. एका शनिवार-रविवारला जोडून एक दिवस शाळेतून सुट्टी काढली तर तीन अगदी वेगळे नमुने पाहून होतात.

रटगर्सचं न्यू ब्रन्सविक कॅम्पस हे मोठं सरकारी विद्यापीठ. ३५,००० हून जास्त पदवीपूर्व विद्यार्थी. तिथून गाडीने साधारण अर्ध्या तासावर प्रिन्स्टन, खासगी, संशोधनासाठी नावाजलेलं, पण पदवीपूर्व मुलं त्या मानाने फार थोडी. आणि पुढे ट्रेंटनजवळ यूइंगला द कॉलेज ऑफ न्यू जर्सी. हेही सरकारीच, पण आकाराने लहान आणि मुख्यतः पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी चालणारं. मुलाला ह्यांपैकी कुठेच जायचं नसलं तरी चालेल. मोठं, मधलं आणि लहान म्हणजे अंगाला कसं लागतं, हे कळण्यासाठी ही भेट आहे. "मला तीनशेंच्या वर्गात गुदमरायला झालं," किंवा "एवढ्याशा कॉलेजात मला आठवड्यात कंटाळा येईल," असं एक वाक्य मुलाच्या तोंडून निघालं, तरी पुढचे हजार डॉलर आणि चार विमानप्रवास वाचले.

प्रश्न कोणी विचारायचे?

टूरवर नेहमी दिसणारं चित्र असं. पुढे उलटं चालणारा विद्यार्थी-गाईड. त्याच्या अगदी जवळ आपले बाबा लोक, हातात यादी. "रँक किती? सुरुवातीचा पगार किती? मेडिकलला किती टक्के जातात?" मुलगा दहा पावलं मागे, कोणाच्या नजरेला नजर न देता. गाईड बिचारा वीस वर्षांचा. पगाराचा आकडा त्याला पाठ करून दिलेला असतो, तो तो म्हणून दाखवतो. बाबांचं समाधान होतं आणि मुलाला काहीच कळत नाही.

माझी विनंती अशी, की टूरवर आई-बाबांनी मागे चालावं. शक्य झालं तर दोन वेगळ्या गटांत जावं. पैशाचे आणि व्हिसाचे प्रश्न आपले. ते गाईडला विचारायचे नसतात, त्या त्या ऑफिसात बसून विचारायचे असतात. बाकी सगळे प्रश्न मुलाचे.

इथे आनंदीबाई जोशी ह्यांची आठवण होते. १८८३ च्या जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला बोटीतून उतरल्या आणि राहिल्या त्या आपल्या न्यू जर्सीतच, रोझेल गावी, मिसेस कार्पेंटर ह्यांच्या घरी. गोपाळराव भारतात होते. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी पत्र गेलं ते आनंदीबाईंनी स्वतः लिहिलेलं. तेव्हा त्यांचं वय १८ वर्षं, म्हणजे आपल्या बारावीतल्या मुलांएवढंच. आपल्या शिक्षणात कॉलेजच्या अटींना कुठे कमी पडतं हे त्यांनी लपवलं नाही, आणि डॉक्टर का व्हायचं आहे हे स्वतःच्या शब्दांत सांगितलं. त्या कॉलेजच्या डीन होत्या रेचल बॉडली, ज्या मुळात रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. १८८६ मध्ये आनंदीबाई एम.डी. झाल्या. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एक अठरा वर्षांची मराठी मुलगी परक्या देशात आपली बाजू आपण मांडू शकली. तर आपल्या इथेच वाढलेल्या, तोंडात इंग्रजी घोळलेल्या मुलांना एक प्रश्न विचारायला आपण पुढे का व्हावं?

गाईडला विचारण्यासारखे काही प्रश्न मुलांना सुचवून ठेवा. "तुझा कालचा दिवस कसा गेला, सकाळपासून सांगशील?" "ह्या सेमिस्टरला तुला हवा असलेला कुठला वर्ग मिळाला नाही?" "पहिल्या वर्षी मदत लागली तेव्हा तू कोणाकडे गेलास?" "शनिवारी इथे किती मुलं असतात आणि किती घरी जातात?" "तुझ्या ओळखीचं कोणी हे कॉलेज सोडून गेलं का? का गेलं?" ह्या प्रश्नांची उत्तरं कोणी पाठ करून देत नाही. म्हणूनच ती पातेल्यातली शितं.

टूर संपल्यावर खरी भेट सुरू होते

टूर संपते त्याच मिनिटाला आपण पार्किंगकडे वळतो. निदान दोन तास राखून ठेवा.

ज्या विषयात मुलाला गोडी आहे त्या विभागाच्या इमारतीत जा. ॲडमिशन ऑफिसला आधी कळवलं तर एखाद्या वर्गात मागे बसायची परवानगी बऱ्याच ठिकाणी मिळते. वर्गात फळ्याकडे कमी आणि मुलांकडे जास्त बघायचं. कोणी प्रश्न विचारतं का? विचारल्यावर शिकवणारा थांबतो का? वर्ग संपल्यावर दोन-चार मुलं पुढे जाऊन बोलतात, की सगळी दाराकडे पळतात?

माझ्या विषयापुरतं सांगायचं तर रसायनाच्या विभागात मी भिंती वाचते. संशोधनाची पोस्टरं लागलेली असतात, त्यांवर पदवीपूर्व विद्यार्थ्यांची नावं आहेत का? शिकवणीच्या मदतीचं वेळापत्रक लावलं आहे का, आणि त्या वेळेला त्या खोलीत खरंच कोणी बसलेलं आहे का? एनएमआरसारखं महागडं यंत्र असल्याचं टूरवर अभिमानाने सांगतात. प्रश्न असा विचारायचा, की "दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला ते स्वतःच्या हाताने चालवू देतात का?" काचेतून दाखवायचं यंत्र आणि हाताळायला मिळणारं यंत्र ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

"इथे टीए शिकवतात का?" असा प्रश्न बाबा लोक संशयाने विचारतात. मी स्वतः टीए होते, त्यामुळे थोडं सांगते. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचं व्याख्यान प्राध्यापक देतात आणि लॅब बहुधा पीएच.डी. करणारी मुलं घेतात. ह्यात वाईट काही नाही. वीस-बावीस वर्षांच्या शिक्षकाला आपली अडचण सांगणं मुलांना पुष्कळदा सोपं जातं. विचारायचं ते हे, की एका टीएकडे किती विद्यार्थी असतात, आणि प्राध्यापकांच्या ऑफिसच्या वेळांना मुलं खरोखर जातात का.

इंजिनियरिंगला जायचं असेल तर तो विशिष्ट अभ्यासक्रम एबेटने मान्य केलेला आहे का, आणि रसायनाला जायचं असेल तर विभाग अमेरिकन केमिकल सोसायटीच्या मान्यतेचा आहे का, हे पाहून ठेवावं. उन्हाळ्यातल्या संशोधनाच्या संधींबद्दलही विचारा. एनएसएफच्या पैशांतून चालणाऱ्या आरईयू कार्यक्रमांत विद्यार्थ्याला मानधन मिळतं, पण त्या पैशांसाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-४ किंवा एफ-१ वरच्या मुलांनी "विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून अशी संधी आहे का?" असं विचारावं.

जेवण, बस आणि थंडी

दुपारचं जेवण मोटेलवरच्या डब्यातलं नको. त्या दिवशी कॅम्पसच्या डायनिंग हॉलमध्येच जेवा. मुलगी शाकाहारी असेल तर तिला रोज सॅलड आणि पिझ्झा ह्यांच्यापलीकडे काय मिळणार हे तिथे ताट घेऊनच कळतं. शेजारच्या टेबलावर काय बोलणं चाललं आहे तेही कानावर पडतं.

आनंदीबाईंना इथली थंडी आणि अन्न मानवलं नाही, प्रकृती ढासळत गेली, आणि मायदेशी परतल्यावर फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आतच त्या गेल्या. आज परिस्थिती फार बदलली आहे. तरी खोली, ऊब आणि अन्न ह्या क्षुल्लक बाबी नाहीत, हे आपण तरी विसरू नये.

रटगर्सला गेलात तर बसने फिरा. तिथलं कॅम्पस एकसंध नाही. कॉलेज ॲव्हेन्यू, कुक आणि डग्लस रॅरिटन नदीच्या एका काठाला, बुश आणि लिव्हिंगस्टन दुसऱ्या काठाला. विज्ञान आणि इंजिनियरिंगचे बरेच वर्ग बुशला. राहायला एकीकडे आणि वर्ग दुसरीकडे असे अनेकांचे दिवस जातात. वर्ग सुटायच्या वेळेला स्टॉपवर उभं राहून नदीपलीकडे जाऊन बघा. गर्दी किती, वेळ किती, आणि मुलाच्या चेहऱ्यावर कंटाळा आहे की मजा. काही मुलांना ती धावपळ आवडते. काहींना नाही. टूरच्या वेळी हे समजत नाही.

ज्या दारासमोरून आपण पटकन पुढे जातो

प्रत्येक कॅम्पसवर विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन केंद्र असतं. टूरवर त्याचा उल्लेख येतो तेव्हा आपले लोक घड्याळ बघतात. "आमच्या मुलाला कशाला लागतंय ते!"

लॅब शिकवताना दर वर्षी एखादा विद्यार्थी हळूहळू दिसेनासा व्हायचा. आधी रिपोर्ट उशिरा, मग लॅबला दांडी, मग ईमेलला उत्तर नाही. त्यांत आपल्याकडचीही मुलं असत. हायस्कूलमध्ये पहिली आलेली, घरी "सगळं छान चाललंय" म्हणून सांगणारी. त्यांना रसायन येत नव्हतं असं नाही. पहिल्यांदाच सी मिळाला होता आणि तो घरी कसा सांगायचा हे येत नव्हतं. मला कळत होतं, पण मी त्यांच्या घरी फोन करू शकत नव्हते.

हे का, ते आई-बाबांनी आधीच समजून घ्यावं. फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्याचा होतो, फी कोणीही भरत असलं तरी. पालक टॅक्समध्ये मुलाला आश्रित दाखवत असतील तर कॉलेज माहिती देऊ शकतं, पण ते द्यायलाच हवी असं बंधन नाही, आणि बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्याची लेखी संमती मागतात. म्हणजे तिमाहीचं प्रगतिपुस्तक घरी येण्याचे दिवस संपले. पुढे मुलाचं कसं चाललं आहे हे कळण्याचा एकच खात्रीचा मार्ग उरतो. मुलाला सांगावंसं वाटलं पाहिजे.

म्हणून त्या केंद्रासमोर दोन मिनिटं थांबा. पहिली भेट मिळायला किती दिवस लागतात, रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा, हे मुलासमोर मोठ्याने विचारा. विचारणारी आई किंवा बाबा असले पाहिजेत. त्यातून मुलाला जे कळतं ते हजार उपदेशांनी कळत नाही, की इथे यायची वेळ आली तर घरच्यांना लाज वाटणार नाही.

सुरक्षिततेचंही तसंच. क्लेरी कायदा १९९० मध्ये झाला. जीन क्लेरी ह्या विद्यार्थिनीचा १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाच्या डॉर्ममध्ये खून झाला, त्यानंतर तिच्या आई-वडिलांच्या प्रयत्नांतून हा कायदा आला. त्यानुसार कॉलेजांना दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. तो वाचा. मात्र आकडा शून्य म्हणजे जागा सुरक्षित असं लगेच धरू नका. कधीकधी त्याचा अर्थ तक्रार करायला कोणी पुढे येत नाही एवढाच असतो. अंधार पडल्यावर लायब्ररी ते डॉर्म हा रस्ता एकदा चालून बघणं हा त्या अहवालाचा उत्तम जोडधंदा.

परतीच्या गाडीत

लॅबमध्ये आम्हाला शिस्त लावतात, की जे त्याच दिवशी वहीत लिहिलं नाही ते झालंच नाही असं समजायचं. सहा कॅम्पस पाहिल्यावर कुठल्या लायब्ररीत कुठला जिना होता हे सगळं एकमेकांत मिसळतं. म्हणून मुलाने गाडीत बसल्याबरोबर एक पान लिहावं. काय आवडलं, काय खटकलं, कोणाशी बोललो, आणि "साध्या मंगळवारी मी इथे कुठे बसलेला असेन?"

ते पान लिहून होईपर्यंत आई-बाबांनी गप्प बसावं. हा नियम सांगायला सोपा आणि पाळायला फार कठीण आहे. बाबांनी पार्किंगमधून गाडी काढता काढता "मला नाही बुवा आवडलं" असं म्हटलं की पुढच्या सीटवरून मागच्या सीटचं मत ठरून जातं. आपलं मत जरूर सांगा, पण दुसऱ्या क्रमांकाने.

रँकबद्दलही एक शब्द. रँक आपल्याला प्रिय, कारण आपण मेरिट लिस्टवर वाढलो. पण इथली रँक संपूर्ण कॉलेजची असते, आपल्या मुलाच्या विभागाची नव्हे, आणि ती लावणारी मासिकं दर काही वर्षांनी मोजायची पद्धत बदलतात. मंडळाच्या पिकनिकला "कुठे मिळालं?" ह्या प्रश्नाचं उत्तर देताना मान ताठ राहावी, एवढ्यासाठी चार वर्षं आणि लाखभर डॉलर पणाला लावायचे नसतात.

आणि अर्ली डिसिजनचं कलम नीट वाचा. त्यात प्रवेश मिळाला तर जाण्याचं आधीच कबूल केलेलं असतं. दुसऱ्या कॉलेजांच्या मदतीशी तुलना करायची संधी त्यात राहत नाही. कॅल्क्युलेटरचा आकडा पाहून घरातले सगळे निश्चिंत असतील तरच तिकडे वळा.

एप्रिलमधली दुसरी भेट

प्रवेशाची पत्रं आल्यावर, एप्रिलमध्ये, निवड झालेल्या मुलांसाठी कॉलेजं खास दिवस ठेवतात. बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत उत्तर द्यायचं असतं. ज्यांना पहिल्या फेरीत कुठेच जाता आलं नाही त्यांनी ही एकच भेट राखून ठेवली तरी पुरे, कारण आता प्रश्न दोन-तीन कॉलेजांचाच उरलेला असतो. ह्या वेळी मदतीची पत्रं बरोबर न्या. त्यांत परत न करायचं अनुदान किती, कर्ज किती आणि विद्यार्थ्याने काम करून मिळवायचे पैसे किती, हे तीन रकान्यांत वेगळं लिहा. कर्जालासुद्धा "मदत" म्हटलेलं असतं, तिथे फसगत होते. उत्पन्नात बदल झाला असेल, नोकरी गेली असेल, तर फायनान्शियल एड ऑफिसात कागदपत्रं दाखवून पुनर्विचाराची विनंती करता येते. ही भीक नव्हे, त्यासाठीची रीतसर पद्धत आहे.

ज्यांना प्रवासाचा खर्च परवडत नाही त्यांनीही हिरमुसू नये. काही कॉलेजं कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांना स्वतःच्या खर्चाने बोलावून घेतात, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. ॲडमिशन ऑफिसला फोन करून विचारा. कॉलेजांचे लोक हायस्कूलमध्येही येतात. आणि मिसेस कार्पेंटरची गोष्ट पुन्हा एकदा आठवा. त्या आनंदीबाईंच्या नात्यागोत्याच्या नव्हत्या. इथली वाट ठाऊक असलेलं एक माणूस पाठीशी उभं राहिलं, एवढंच.

आपल्या मंडळाला हे करणं मुळीच अवघड नाही. मंडळातलीच कितीतरी मुलं आज वेगवेगळ्या कॉलेजांत आहेत. त्यांच्या आई-बाबांनी मंडळाकडे मुलाचं कॉलेज आणि विषय कळवला, तर जाणाऱ्या कुटुंबाची त्यांच्याशी गाठ घालून देता येईल. टूरवर जे ऐकायला मिळत नाही ते त्या ताई-दादांबरोबर एक कप कॉफी घेताना मिळतं. पहिल्या पिढीतल्या, नुकत्याच आलेल्या घरांना तर ह्याचा फार उपयोग होईल. येत्या सुट्टीत माझी गाडी न्यू ब्रन्सविक, प्रिन्स्टन आणि यूइंग अशी जाणार आहे. चार जागा आहेत, पैकी तीन मुलांसाठी. आई-बाबांपैकी एकालाच घेईन, आणि त्यांनी मागे बसायचं आहे.